पल्लवीच्या बाबांचं चालणं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगते, चुका काढायला वाचते. ‘या बाईंना अॅसिडिटी झाली असणार’, ‘हा गडी पिऊन आला असणार’ असं मोठ्याने म्हणत वाचते आणि नवरा वैतागून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. भूत, भानामती, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नाही. शेजारच्या बाळाला नजर लागली म्हणून सगळ्या बायका मीठ-मिरच्या ओवाळत होत्या तेव्हा मी थर्मामीटर घेऊन गेले होते. एकशे दोन ताप निघाला. तर आता माझा नंबर लागलाय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मी अकोल्यात राहते आणि शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवते. कंत्राटी आहे, त्यामुळे एका शाळेची अशी नाही — तीन शाळा, प्रत्येकीत आठवड्याचे दोन दिवस. ही गोष्ट अकोटच्या पुढच्या एका गावातल्या शाळेची. मंगळवार आणि शुक्रवार. सकाळची एसटी धरून अकोट, तिथून ऑटो. लॅब म्हणजे अकरा कॉम्प्युटर, त्यातले सात चालू, एक प्रोजेक्टर आणि पडदा म्हणून चुना मारलेली भिंत.

त्या वर्षी वरून पत्र आलं की सहावी ते आठवीच्या मुलांना अॅनिमेशन शिकवा, हिवाळ्यात अमरावतीला विभागीय प्रदर्शन आहे. मला अॅनिमेशन कुठे येत होतं? पाच दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, रोज रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि लगेच तज्ज्ञ झाले. आधी उड्या मारणारा चेंडू. मग उडणारा पक्षी. मग चालणारा माणूस. एकामागे एक चित्रं काढायची. मागचं चित्र खाली पुसट दिसत राहतं, त्यावर पुढचं जरासं सरकवून काढायचं. पटापट दाखवली की चित्र हलतं. माणूस चालवायला आठ चित्रं पुरतात, तीच फिरवून फिरवून वापरायची. “आठ चित्रांत माणूस चालतो” हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

पल्लवी सातवीत होती. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. आई फुलं घेऊन अकोटच्या बाजारात बसायची. पोरगी अबोल. खिचडी खाऊन झाली की बाकीचे मैदानात आणि ही लॅबच्या दारात. “मॅडम, बसू काय?” मी म्हणायची, “बस बाई, पण माउस धुतलेल्या हातानं धर.”

तिने एक माणूस काढायला घेतला. धोतर, सदरा, मिशा, खांद्यावर फुलांचं गाठोडं. बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे चालणारा. दोन महिने ती तेच करत होती. एक दिवस मोजून पाहिलं, तर दीडशेच्या वर चित्रं!

“अगं, आठ पुरतात म्हटलं ना!”

“नाई पुरत मॅडम.”

“का नाही पुरत?”

तिने खांदे उडवले आणि पुन्हा माउस धरला. मला रागच आला. म्हटलं, काय हट्टी पोरगी आहे बाप्पा, सांगितलेलं ऐकायचंच नाही. जवळ बसून, तो माणूस कोण गं, एवढं मी विचारलं नाही. माझ्याकडे वेळ नव्हता असंही नाही. चहा पीत होते.

आता प्रदर्शनाचं एक उघड गुपित सांगते. शाळांच्या प्रदर्शनात मुलांची नावं असतात आणि हात शिक्षकांचे. ज्वालामुखी असो, पवनचक्की असो, आदल्या आठवड्यात शिक्षक बसून सगळं नीट करतात. सगळेच करतात. मीही केलं. शुक्रवारी सगळ्यांच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, शनिवारी दुपारी घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडला आणि एकेक फाइल साफ करत गेले.

पल्लवीची उघडली तर माणूस काय चालत होता! उजवा पाय ओढल्यासारखा मागून येतोय. दर चौथ्या पावलाला थांबतोय, गाठोडं खांद्यावर वर सरकवतोय, मानेला एक झटका देतोय आणि मग पुढे. मला वाटलं, पोरीला जमलेलं नाही. चित्रं मागेपुढे झाली असणार. मी तिचा चेहरा ठेवला, गाठोडं ठेवलं, पाय काढून टाकले आणि माझी आठ चित्रं बसवली. असा झकास चालायला लागला म्हणता... चाळीस सेकंद, सपासप. त्याच नावाने सेव्ह केलं. मंगळवारी शाळेत गेल्यावर लॅबमध्येही तेच टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मी ‘हो’ दाबलं. मुलांच्या सातही फाइलींना ‘हो’ दाबलं, एकीकडे फोनवर बोलत.

मग मोठ्या ऐटीत सातवीला बसवून भिंतीवर सगळ्या फिल्म दाखवल्या. पल्लवीची लागली. पोरं टाळ्या वाजवायला लागली. ती उभी राहिली.

“मॅडम, हा कोन हाये?”

“कोण म्हणजे? तुझाच माणूस. बघ आता कसा छान चालतोय.”

“हे माहे बाबा नोहोत.”

 मी काहीतरी हसून बोलायला गेले तर मागे उभे असलेले वानखडे सर, म्हणजे सातवीचे वर्गशिक्षक, त्यांनी मला हाताने थांबवलं. बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. तिचे वडील मागच्या उन्हाळ्यात गेले. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलेलं, तेव्हापासून तसे चालायचे. सायकल जमायची नाही, म्हणून फुलांचं गाठोडं खांद्यावर घेऊन स्टँडवर जायचे. “सारं गाव त्यांना दुरून चालण्यावरून ओळखत होतं मॅडम,” सर म्हणाले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत आले तर ती जागेवर बसली होती. रडत नव्हती. “माहे वाले कुठी आहेत मॅडम?” असं अगदी साधं विचारलं. पेन्सिल कुठे ठेवली विचारावं तसं.

मी सगळं शोधलं. लॅबचा कॉम्प्युटर, पेन ड्राइव्ह, लॅपटॉप. बुधवारी अकोल्यात डेटा परत काढून देणाऱ्या दुकानात गेले. तो पोरगा तासभर खटपट करून म्हणाला, “मॅडम, डिलीट केलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही तर त्याच्यावरच लिहून बसल्या.” शुक्रवारी पल्लवीला विचारलं, घरी बाबांचा एखादा व्हिडिओ? नव्हता. बटणांचा फोन होता. फोटो एकच, आधार कार्डावरचा.

“फोटोत मानूस चालत नाई न मॅडम,” ती म्हणाली.

मी म्हटलं, पुन्हा काढ बेटा. मी रोज येते, माझे दिवस नसले तरी येते. हवी तेवढी चित्रं काढ.

तिने माउस धरला, डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, “नाई येत. मी डोये लावले की पयले बाबा चालताना दिसत. आता तुमचंवालं दिसते.”

हे वाक्य मी आजही कुणासमोर म्हणू शकत नाही. तिच्या डोळ्यांपुढचा बाप मी पुसून टाकला होता. निव्वळ नीटनेटकेपणाच्या हौसेनं. आग लागो त्या नीटनेटकेपणाला.

एवढं झाल्यावर तरी माणसाने शहाणं व्हावं की नाही? नाही झाले. सोमवारी अमरावतीला प्रत्येक शाळेतून दोन मुलं न्यायची होती. नावं आधीच कळवली होती, आर्यन आणि श्रावणी. दोघंही बोलायला चटपटीत. वानखडे सर म्हणाले, “एक नाव बदलता येईल मॅडम, मी फोन करतो. पल्लवीले न्या.” मी म्हटलं, कशाला सर, तिला त्रास होईल पुन्हा ते बघून.  फिल्म मात्र मी नेली. ती सगळ्यांत उठून दिसत होती ना.

प्रदर्शन एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. आमचा नंबर दुपारी तीनच्या सुमारास लागला. वेळ, जागा सगळं सांगते, कारण दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना मीच ते विचारते. खिडक्यांना पडदे होते, पण उजेड होता. समोर दोन परीक्षक, एक चित्रकलेच्या प्राध्यापक बाई आणि एक शिक्षण खात्यातले साहेब. मागे खुर्च्यांवर शाळाशाळांची मुलं आणि शिक्षक. लॅपटॉप माझा, बटण दाबलं तेही मी. आर्यन माइक घेऊन पडद्याकडे पाठ करून उभा, “आदरणीय परीक्षक आणि येथे जमलेल्या...” चालू. श्रावणी माझ्या शेजारी.

पडद्यावर डावीकडून माणूस आला. उजवा पाय ओढत.

एक, दोन, तीन... चौथ्या पावलाला थांबला. गाठोडं वर सरकवलं. मानेला झटका. पुन्हा पुढे.

खोटं नाही सांगत, मला भीती अजिबात वाटली नाही. आनंद झाला! वाटलं, सापडली, जुनी फाइल सापडली, लॅपटॉपमध्येच कुठेतरी होती आणि चुकून तीच लागली. आता हिला नेऊन देते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी श्रावणीचा हात दाबला.

तो पडद्याच्या मधोमध आला आणि थांबला. गाठोडं खाली ठेवलं. आणि समोर वळला.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगू द्या. समोरून माणूस काढायला मी मुलांना शिकवलंच नव्हतं, कारण ते मलाच येत नाही. बाजूने काढलेल्या माणसाला एकच डोळा असतो. पल्लवीच्या दीडशे चित्रांत, मी ती शनिवारी एकेक करून पाहिली होती, त्या माणसाला एकच डोळा होता. हा वळला तेव्हा त्याला दोन डोळे होते.

त्याने हॉलकडे पाहिलं. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवली, मध्ये थांबत थांबत, एकेका खुर्चीवर. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभे राहून आईबाप गर्दीत आपलं लेकरू शोधतात, अगदी तसं. पुढची रांग झाली, मागची रांग झाली. मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून. तेव्हा माझ्या लक्षात आलं तो कुणाला बघतोय, आणि मी श्रावणीचा हात सोडला.

शेवटी वाकून त्याने गाठोडं उचललं, खांद्यावर घेतलं आणि पाय ओढत उजवीकडे निघून गेला. पडदा पांढरा झाला.

“वा,” प्राध्यापक बाई म्हणाल्या, “शेवट फार वेगळा केलाय. पुन्हा दाखवता का?”

मी पुन्हा लावली. माणूस आला, माझ्या आठ चित्रांवर, सपासप, चाळीस सेकंद, संपलं. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “मघाची लावा ना.” मी लावली. तेच. तीनदा लावली, तेच. लॅपटॉपमध्ये त्या नावाची एकच फाइल होती आणि तिच्यावर तारीख त्या शनिवारची होती. मागे पुढच्या शाळेची मुलं ताटकळलेली, साहेब घड्याळ पाहतायत... “राहू द्या,” बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

तो कागद माझ्याकडे आहे. गुणांच्या खाली बाईंच्या अक्षरात — ‘पात्र थांबून प्रेक्षकांत कुणालातरी शोधते, ही कल्पना हृद्य.’ आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर नावं आर्यन आणि श्रावणीची.

परतीच्या बसमध्ये श्रावणीने विचारलं, “मॅडम, शेवट तुम्ही कधी बदलला?” म्हणजे तिनेही पाहिलं होतं. आर्यनची पाठ होती, त्याला काहीच माहीत नाही. मोबाइलवर कुणी शूटिंग केलं असेल म्हणून मी नंतर चार शाळांच्या शिक्षकांना फोन लावले. एरवी आपल्या पोरांचं शिंकणंही शूट करतात. त्या दिवशी एकानेही फोन वर केला नव्हता.

मंगळवारी शाळेत गेले. पल्लवीला सांगू की नको, हे अकोल्यापासून डोक्यात चालू होतं. झाकली मूठ ठेवावी असंही वाटलं. पण ती मधल्या सुट्टीत आपणहून दारात आली. “लागली काय मॅडम माही फिल्म?” आणि मी सगळं सांगून टाकलं. पाय, चौथं पाऊल, मानेचा झटका, गाठोडं खाली ठेवणं, वळणं, सगळं.

ती स्टुलावर बसून ऐकत होती. मला वाटलं घाबरेल, नाहीतर खोटं म्हणेल. तिने एवढंच विचारलं, “साऱ्यायले पाह्यलं त्यायनं?”

“हो. सगळ्या खुर्च्या.”

“दोन डाव?”

“दोनदा.”

“किती वाजले होते?”

“तीन वाजून गेले असतील.”

तिने आठवून पाहिलं. “तीनले खेळाचा तास होता. मी खो-खो खेळून राह्यली होती.”

मग म्हणाली, “मॅडम, तुमी त पाह्यलं न. मले चालून दाखवा.”

मी उठले. तिचंच दप्तर खांद्यावर घेतलं आणि लॅबमध्ये चालायला लागले. दारापासून भिंतीपर्यंत. उजवा पाय ओढला, चौथ्याला थांबले, दप्तर सरकवलं, मान झटकली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, सात कॉम्प्युटरांच्या मधून. ती टक लावून पाहत होती. मी तीन फेऱ्या मारल्या.

“नाई मॅडम,” ती म्हणाली. “तुमी लंगडून राहिल्या. बाबा लंगडत नव्हते. थे चालत होते.”

मी दप्तर तिच्या हातात दिलं. घंटा झाली. ती दारापर्यंत गेली आणि वळून, काही राग नाही, काही नाही, सरळ विचारलं, “मंग मले काहून नाई नेलं मॅडम?”

मी म्हटलं, “दोघांचीच परवानगी होती गं.”

“बरं,” म्हणाली आणि वर्गात गेली.

आता पल्लवी अकोटला नववीत आहे. कॉम्प्युटर विषय घेतला नाही तिने. वानखडे सर सांगतात, अभ्यासात बरी आहे. मी ही गोष्ट दहा ठिकाणी ठोकून पाहिली. ओळखीचा इंजिनिअर म्हणाला, लॅपटॉपच्या मेमरीत जुनं काही राहून गेलं असेल. असेल बुवा, पण दोन डोळे कुठून आले? नवरा म्हणतो, तुला अपराधी वाटत होतं म्हणून तुला तसं दिसलं. मग श्रावणीला काय वाटत होतं? त्या प्राध्यापक बाईंना काय वाटत होतं? त्या पडद्यावर काय झालं ते मला माहीत नाही. ज्यांना वाटेल त्यांनी माझ्या चुका काढाव्यात, मी रागावणार नाही.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मी तिला अजून दिलेलं नाही. नाव बदलता आलं असतं. त्रास होईल वगैरे सगळं झूट होतं. ती माइकवर ‘मले’ आणि ‘काहून’ म्हणेल, अमरावतीचे परीक्षक हसतील आणि माझी शाळा खेडवळ दिसेल, म्हणून मी तिला नेलं नाही. माझी आई आजही घरी तसंच बोलते.